लुकलुकणारा पडदा आणि दुरुस्तीचे स्वराज्य

चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यबहुल जिल्ह्यांत ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातील संगणकाचा पडदा लुकलुकू लागला, की गावाचा निम्मा कारभार थांबतो. हे विधान आज कोणाला अतिशयोक्तीचे वाटू नये. २०११ साली ‘संग्राम’ योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक आले; पुढे २०१६ पासून त्या जागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. जन्ममृत्यूची नोंद, रहिवासाचा दाखला, घराचा उतारा, निराधार योजनेचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज अशी एकेक गोष्ट कागदावरून पडद्यावर गेली. २०१८ पासून सातबाराही डिजिटल स्वाक्षरीचा झाला. या बदलात वाईट काही नाही. तलाठ्याच्या दप्तरातून उतारा काढताना जो जाच होत असे, त्याचे स्मरण ज्यांना आहे ते या सोयीचे मोल जाणतात. परंतु जेव्हा हक्काचा एकच दरवाजा उरतो, तेव्हा त्या दरवाजाची बिजागरी कोण सांभाळतो, हा प्रश्न राजकीय होतो.

भामरागडपासून गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे येत आली. अशा मुलखातील केंद्राचा मॉनिटर बिघडला तर काय होते? आधी काही दिवस ऑपरेटर डोळे ताणून काम करतो. पडद्याचा डावा भाग अंधारलेला, उजवा उजळ, मधूनच सारा पडदा फडफडतो. मग एके दिवशी ‘मशीन बंद आहे’ अशी चिठ्ठी दारावर लागते. मॉनिटर तालुक्याला जातो, तेथून जिल्ह्याला, आणि बहुधा ‘दुरुस्त होण्यासारखा नाही’ असा शेरा घेऊन अडगळीत पडतो. दरम्यान ज्याने दाखल्यासाठी एक मजुरी बुडवून चालत येण्याचे कष्ट घेतले, त्याची ती मजुरी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

वस्तुतः असे बिघाड पुष्कळदा किरकोळ असतात. थोडा क्रम पाळला तर अर्ध्या तासात त्यांचे निदान होते, आणि भागांसाठी लागणारा पैसाही क्षुल्लक असतो. मग दुरुस्ती का होत नाही? या प्रश्नाचे उत्तर यंत्रात जितके आहे, त्याहून अधिक यंत्राभोवतीच्या व्यवस्थेत आहे. परंतु व्यवस्थेवर बोलण्यापूर्वी यंत्राकडे पाहिले पाहिजे. यंत्र न समजता केलेली यंत्रव्यवस्थेची टीका केवळ घोषणा ठरते.

निदानाचा क्रम

आजचा सपाट मॉनिटर म्हणजे दोन गोष्टींचा संयोग आहे. समोर चित्र घडविणारी काच आणि तिच्यामागे प्रकाश देणारा दिवा. काच स्वतः उजेड देत नाही. ती मागील उजेड अडविते किंवा सोडते. म्हणून पहिला प्रश्न असा : हलते आहे ते चित्र, की उजेड? चित्र थरथरते, रंग उडतो, पण उजेड स्थिर आहे, तर दोष बहुधा वायर, संगणक किंवा त्याची मांडणी यांत असतो. उजेडच कमीजास्त होतो, तर दोष बहुधा मॉनिटरच्या पोटात असतो.

याची खातरी करण्याची सोपी कसोटी मॉनिटरवरच असते. मॉनिटरच्या काठावरील मेनूचे बटण दाबावे. त्याने पडद्यावर जी चौकट उमटते ती संगणकाकडून येत नाही, मॉनिटर स्वतः तयार करतो. मागचे चित्र फडफडत असून ही चौकट स्थिर असेल, तर मॉनिटर बहुतांशी निर्दोष आहे. चौकटही फडफडत असेल, तर संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. एका बटणाने होणारी ही परीक्षा माहीत नसल्यामुळे किती संगणक विनाकारण तालुक्याची वारी करून येत असतील!

मॉनिटर निर्दोष ठरला, तर वायरचे दोन्ही टोकांचे जोड काढून पुन्हा घट्ट बसवावेत. निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए वायरीत बारीक टाचण्या असतात. त्यांतील एक वाकली तरी एखादा रंग नाहीसा होतो किंवा चित्र थरथरते. शेजारच्या शाळेतील वायर तासभर उसनी आणून लावली, की वायरीचा प्रश्न निकालात निघतो. त्यानंतर संगणकातील पडद्याच्या मांडणीत सेकंदाला किती वेळा चित्र नवे होते तो आकडा पाहावा. कार्यालयातील साध्या मॉनिटरला तो सहसा ६० असतो. विंडोज असलेल्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडावा. इतर सर्व फडफडते आणि तो मात्र स्थिर राहतो, तर दोष एखाद्या प्रोग्रॅमचा. तोही फडफडत असेल तर चित्र पाठविणाऱ्या ड्रायव्हरचा संशय घ्यावा. या साऱ्यांत पेचकसदेखील लागत नाही.

दोष मॉनिटरचा ठरला, तर प्रथम विजेचा विचार करावा. सैल सॉकेट, जळकी पिन, हलक्या प्रतीचा इन्व्हर्टर ही नेहमीची कारणे. मॉनिटर थेट भिंतीतील दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहावा. ‘व्होल्टेज कमी आहे म्हणून पडदा मंद झाला’ असे सर्रास म्हटले जाते. ते अनेकदा चुकीचे असते. मॉनिटरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर १८० व्होल्टवरही आतील पुरवठा स्थिर राहू शकतो. अपाय होतो तो वीज गेल्यानंतर झटक्याने परतण्याने, वाढलेल्या दाबाने आणि पावसाळ्यातील विजांच्या कडकडाटाने. घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे सुमारे २१६ ते २४४ व्होल्टमध्ये असावा, असा दंडक आहे. जंगलातून जाणाऱ्या लांबलचक वाहिन्यांच्या शेवटच्या टोकाला तो किती पाळला जातो, हे मल्टिमीटर घेऊन कोणालाही मोजता येईल.

आता दिव्याकडे. पडदा लागतो आणि दोन-तीन सेकंदांत काळा होतो, असे असेल तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकी टॉर्च मारावी. अंधुक चित्र दिसले, तर काच जिवंत आहे आणि दिवा किंवा त्याचा वीजपुरवठा मेला आहे. असमान उजेडाच्या खुणाही वाचता येतात. जुन्या मॉनिटरमध्ये पेन्सिलीहून बारीक अशा ट्यूब असतात. त्या म्हाताऱ्या झाल्या की पडदा सुरू होताना लालसर दिसतो आणि कडा काळवंडतात. नव्यांत एलईडीच्या पट्ट्या असतात. एखादी पट्टी किंवा तिचा भाग विझला की तेवढ्या पट्ट्यात अंधार पडतो. कोपऱ्यात पांढुरका डाग असेल, तर चौकट दाबली गेली असण्याचा किंवा उजेड पसरविणारा आतील कागद सरकल्याचा संभव असतो. उजेड कमी ठेवला असता फडफड होते आणि पूर्ण केला की थांबते, तर तो उजेड कमी करण्याच्या पद्धतीचाच गुण असू शकतो; तेथे काहीच मोडलेले नसते.

उरतो तो सर्वांत नेहमीचा गुन्हेगार : वीजपुरवठ्याच्या बोर्डावरील कपॅसिटर. हा बोटाच्या पेराएवढा डबा वीज साठवून तिचा प्रवाह समतल ठेवतो. तो सुकला की प्रवाह खडबडीत होतो आणि दिवा लुकलुकतो. अशा कपॅसिटरचे डोके अनेकदा फुगलेले असते, सपाट राहत नाही, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसते. १९९९ ते २००७ या काळात सदोष कपॅसिटर जगभर इतक्या संगणकांत गेले, की त्या प्रकाराला रोगराईचे नाव मिळाले. उपाय असा : तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा, १०५ अंशांचा कपॅसिटर आणावा, उणे बाजू उण्यालाच ठेवून डाख द्यावा. असे चार-पाच कपॅसिटर शंभर रुपयांच्या आत येतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वायर काढल्यावरही मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो, आणि जुन्या ट्यूबांना पेटविणारा भाग चालू असताना हजार व्होल्टच्या घरात जातो. म्हणून पाठ उघडण्यापर्यंतची सर्व पायरी कोणीही चढावी. त्यापुढची मात्र शिकलेल्यानेच. तसेच काच तडकली असेल किंवा पडद्यावर उभ्या रेघा कायमच्या उमटल्या असतील, तर बहुधा दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. सर्व काही दुरुस्त होते असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

उष्णतेचा हिशेब

हा कपॅसिटर या जिल्ह्यांत लवकर का मरतो? त्याचे आयुष्य उष्णतेवर अवलंबून असते. तंत्रज्ञांचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर चाळीस अंश खाली असतो; म्हणजे आयुष्य चार वेळा दुप्पट, ३२,००० तास. केंद्र दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस चालते असे धरले तर २४०० तास होतात. म्हणजे तेरा वर्षे. तोच कपॅसिटर ७५ अंशांवर राबला तर साडेसहा वर्षे. पुण्या-मुंबईच्या थंडगार कचेरीत आणि चंद्रपूरच्या पत्र्याच्या खोलीत एवढा फरक सहज पडतो, कारण उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढणे या भागाला नवे नाही. खिडकीपासून दूर, भिंतीला न टेकवता, पाठीवरील झरोके धूळमुक्त ठेवून मॉनिटर मांडणे एवढ्यानेही त्याचे आयुष्य वाढते. तथापि ज्या हवामानात यंत्र वापरावयाचे, त्याचा विचार खरेदीच्या अटींत केला जात नाही, ही मूळ गोष्ट आहे.

यातील विसंगती डोळ्यांत भरण्यासारखी आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे, महानिर्मितीचे सर्वांत मोठे केंद्र आहे. कोळसा येथला, राख येथली, धूर येथला. वीज मात्र दूरच्या शहरांना अखंड आणि शेजारच्या जंगलातील गावाला खंडित. ज्या मातीतून उजेड निघतो, तिच्याच ग्रामपंचायतीचा पडदा लुकलुकतो. विभागीय असमतोलाची आकडेवारी अनेक अहवालांत आहे. हा पडदा म्हणजे तिचे चालतेबोलते परिशिष्ट होय.

दुरुस्तीचे अर्थशास्त्र

‘नवा मॉनिटर सहा-आठ हजारांत येतो, दुरुस्तीची यातायात कशाला?’ हा प्रश्न अनेक अधिकारी विचारतात, आणि तो टाकाऊ नाही. शहरातील कारागिराचा दिवस महाग असेल आणि दुकान कोपऱ्यावर असेल, तर नवा घेणे काही वेळा स्वस्त पडते. परंतु या हिशेबात तीन खर्च वगळलेले असतात. पहिला, नवा येईपर्यंत गेलेल्या महिन्यांचा. तो दाखल्याच्या प्रतीक्षेत असलेली माणसे भरतात. दुसरा, जुन्याचे काय करावयाचे याचा. जुन्या ट्यूबांत काही मिलिग्रॅम पारा असतो आणि तो नाल्यात गेला की त्याची किंमत कोणत्याच पावतीवर येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे. पण कोरची किंवा एटापल्लीच्या अडगळीतील मॉनिटरपर्यंत ती कितपत पोहोचते, हे त्या अडगळीलाच विचारावे. तिसरा खर्च सर्वांत मोठा. नव्या मॉनिटरवर खर्चलेला रुपया त्याच दिवशी जिल्ह्याबाहेर, बहुधा देशाबाहेर जातो. दुरुस्तीवर खर्चलेल्या रुपयाचा मोठा हिस्सा मजुरी म्हणून तालुक्यातच राहतो आणि एका तरुणाच्या हातात कसब ठेवून जातो. जेथे माणसांना काम नाही आणि भांडवल दुर्मिळ आहे, तेथे श्रमप्रधान दुरुस्ती सोडून भांडवलप्रधान बदली पत्करणे, हे अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठाशीही विसंगत आहे.

या विचाराला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटींत सूत किती निघावे एवढेच नव्हते. यंत्र वीस वर्षे टिकले पाहिजे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च त्याच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये, असेही घातले होते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण कसोटी मात्र मागे राहिली. डॉ. राममनोहर लोहिया ज्या लहान यंत्राचा पुरस्कार करीत, त्याचाही आशय केवळ आकाराचा नव्हता; यंत्र चालविणाऱ्याच्या आवाक्यात राहावे, हा होता. आज सरकारी निविदेत किंमत, आकार आणि हमीची वर्षे असतात. हमी संपल्यावर भाग किती वर्षे मिळतील, बोर्डाचा नकाशा कोणाला मिळेल, चौकट न मोडता उघडेल काय, यांविषयी मौन असते. त्यातच ‘उघडल्यास हमी रद्द’ असा कागद पाठीवर चिकटवून कंपनी गावाला जणू बजावते, की वस्तू तुमची आहे, पण तिचे पोट आमचे.

इतरत्र हे चित्र बदलू लागले आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार १ मार्च २०२१ पासून पडद्यांच्या उत्पादकांना वीजपुरवठ्याचा भाग, जोडण्या आणि कपॅसिटर हे सुटे भाग, शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना पुरवावे लागतात. भारतातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. आणि ज्याचा पडदाच बंद आहे, त्याने ते पाहावे तरी कशावर?

कार्यकर्त्यांपुढील काम

कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने दाखविलेला मार्ग येथे उपयोगी पडेल. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गावाला मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यामागे गावाचा अभ्यासगट होता. लोकांनी कायदा कलमाकलमाने वाचला, जंगल पायाखाली घातले, आणि मगच मागणी केली. जो अभ्यासगट वनहक्काचा कायदा उलगडू शकतो, त्याला मॉनिटरची पाठ उलगडणे कठीण नाही.

तेव्हा पाच गोष्टी करता येतील. पहिली, तालुक्याच्या आयटीआयमध्ये आठवड्यातून एक दिवस दुरुस्तीचे बाक मांडले जावे. विद्यार्थ्यांना खरे काम मिळेल आणि केंद्राला कारागीर. दुसरी, प्रत्येक केंद्रात बिघाडाची नोंदवही असावी : तारीख, लक्षण, केलेली परीक्षा, सापडलेला दोष, लागलेला खर्च. वर्षभराच्या नोंदी जमल्या की खरेदीच्या अटींवर पुराव्यानिशी बोलता येईल. तिसरी, जिल्हा परिषदेच्या खरेदीत सुट्या भागांची सात वर्षांची हमी आणि दुरुस्तीची पुस्तिका यांची अट घालण्याचा ठराव मांडला जावा. चौथी, छोट्या दुरुस्तीसाठी केंद्राजवळ रक्कम असावी. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीतून ती देता येईल काय, याचा ग्रामसभेने विचार करावा. पाचवी, पडदा बंद असताना अर्ज कागदावर घेतला जावा आणि त्याची तारखेसह पोच दिली जावी. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्यातील मुदत माणसाच्या अर्जापासून मोजावयाची असते, मॉनिटरच्या प्रकृतीपासून नव्हे.

आणि हे सारे करताना ऑपरेटरला विसरता कामा नये. तुटपुंज्या मानधनावर, तेही वेळेवर न मिळता, या संगणक परिचालकांनी राज्यभर वारंवार आंदोलने केली आहेत. दिवसभर लुकलुकत्या उजेडापुढे बसून त्यांचेच डोळे दुखतात, डोके दुखते, आणि लोकांचा रोषही त्यांच्याच वाट्याला येतो. त्यांना दुरुस्तीचे शिक्षण द्यावयाचे असेल, तर त्या शिक्षणाचा मोबदलाही दिला पाहिजे. फुकटच्या कामाची आणखी एक जबाबदारी म्हणून ते त्यांच्या डोक्यावर लादणे हा अन्याय होईल.

ग्रामस्वराज्याची चर्चा जमीन, पाणी आणि जंगल यांच्यापुरती ठेवण्याचे दिवस गेले. गावाचे हक्क आता ज्या यंत्रातून वाहतात, त्या यंत्रावर गावाचा ताबा नसेल, तर ते हक्क कोणाच्या तरी मर्जीवर आणि कोठल्या तरी गोदामातील भागावर अवलंबून राहतील. कार्यकर्त्यांनी पुढील दौऱ्यात निवेदनाच्या कागदांबरोबर एक मल्टिमीटर, एक टॉर्च आणि एक चांगली वायर पिशवीत ठेवावी. पहिल्या बंद केंद्रात मेनूचे बटण दाबून पाहावे, आणि जे आढळेल ते नोंदवहीत लिहून ग्रामसभेपुढे ठेवावे.